गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे: परदेशी नेत्याचं करिअर आणि त्याचा निर्वासितांचा वाद वहीत कसा उतरवायचा

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी कट्टा भरतो. सोसायटी ऑफिसमधे दहाबारा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा जो दोनवर नीट चालतो आणि तीनवर खडखडतो, आणि कुणीतरी येताना आणलेले वडे. दर वेळी एकाने एक राजकारणी घ्यायचा आणि वीस मिनिटांत त्याचं करिअर आणि त्यातला एक मोठा वाद सांगायचा, मग बाकीचे तुटून पडणार. माझी पाळी आली तेव्हा मी माइक पेन्स घेतला. ट्रम्पच्या पहिल्या टर्ममधला उपाध्यक्ष एवढंच सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या आधी तो इंडियाना राज्याचा गव्हर्नर होता आणि तिथे सीरियन निर्वासितांवरून मोठा राडा झाला होता, म्हटलं हे नवीन पडेल लोकांना.

पडलंच नवीन, पण मीच पडले. दुसऱ्याच मिनिटाला मी म्हणाले की इंडियानाचे राज्यपाल असताना पेन्सनी सीरियन निर्वासितांना बंदी केली, तर मंत्रालयातून रिटायर झालेले काका म्हणाले, "अगं थांब, राज्यपाल कसली बंदी घालतोय? तो सही करतो आणि सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवतो." हशा. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी, ज्यांचं लहानपण उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात गेलंय, त्यांनी शांतपणे विचारलं, "बंदी केली म्हणजे नक्की काय केलं? विमानातून उतरू नाही दिलं?" दोन्हीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी नुसत्या बातम्या वाचून आले होते ना.

मग पुढच्या महिन्यात तोच विषय परत मागून घेतला आणि नीट वही केली. ती कशी केली ते लिहितेय, कारण आता भाच्याला यूपीएससीच्या क्लासमधे असंच काहीतरी करायला सांगितलंय आणि तो रोज ट्रान्सहार्बर लोकलमधून मला व्हॉइस नोट पाठवतो की मावशी सुरुवात कुठून करू.

सुरुवात खुर्चीपासून करायची, माणसापासून नाही. खुर्चीला काय काय करता येतं हे कळल्याशिवाय माणसाने काय केलं हे कळतच नाही. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, घटनेचं कलम १५५, आणि कलम १६३ प्रमाणे तो बहुतेक सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतो. अमेरिकेतला गव्हर्नर लोक थेट मत देऊन निवडतात, राज्याची बहुतेक खाती त्याच्या हाताखाली, विधेयकावर व्हेटो मारू शकतो, राज्याचा नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव सैन्य, बोलावू शकतो. म्हणजे आपल्या हिशोबात तो मुख्यमंत्री झाला. मराठी बातमीत अमेरिकेच्या संदर्भात राज्यपाल दिसलं की मी पेन्सिलीने त्यावर मुख्यमंत्री लिहिते, आणि शेजारी एक छोटं मिठाचं चिन्ह काढते, म्हणजे चिमूटभर फरक आहे हे लक्षात राहतं: आपला मुख्यमंत्री सभागृहात बहुमत गेलं की घरी जातो, तिकडचा गव्हर्नर नाही जात, इंडियानात चार वर्षांची टर्म म्हणजे चार वर्षं, आमदार पळवून त्याला पाडता येत नाही.

(काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, काय कंटाळवाणं राज्य असेल.)

खुर्ची झाली की लगेच त्याच पानावर दुसरा प्रश्न, हा विषय नक्की कुणाच्या ताब्यातला? निर्वासितांचं प्रकरण असेल तर हे पान चुकवायचंच नाही, कारण अर्धं भांडण इथेच असतं. अमेरिकेत देशात कुणाला येऊ द्यायचं हे केंद्र ठरवतं, त्यासाठी १९८० चा रेफ्युजी ॲक्ट आहे, दर वर्षी किती लोक घ्यायचे तो आकडा राष्ट्राध्यक्ष काँग्रेसशी, म्हणजे तिथल्या संसदेशी, सल्लामसलत करून जाहीर करतो. एकदा माणूस आत आला की तो कुठल्याही राज्यात राहू शकतो, राज्यांमधे चेकनाका नाही. आपल्याकडेही तसंच, नागरिकत्व संघ सूचीत १७ व्या नोंदीत, देशात प्रवेश, पासपोर्ट, व्हिसा १९ व्या नोंदीत. पण गंमत बघा, फाळणीमुळे विस्थापित झालेल्यांचं साहाय्य आणि पुनर्वसन हे समवर्ती सूचीत आहे, नोंद २७, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं काम. उल्हासनगर ज्या काळात उभं राहत होतं त्याच काळात घटना लिहिली जात होती, म्हणून ही नोंद आहे. सूची चाळताना ही ओळ सापडली तेव्हा मी आजींना फोन केला होता रात्री साडेनऊला.

आता शब्द. पुनर्वसन म्हटलं की नवी मुंबईतल्या माणसाच्या डोक्यात साडेबारा टक्के येतं, सिडको, प्रकल्पग्रस्त, भूखंड. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन येतं. अमेरिकेतलं रीसेटलमेंट त्यातलं काहीच नाही. तिथे रेफ्युजी म्हणजे ज्याची तपासणी देशाबाहेर असतानाच झालीय आणि ज्याला हो म्हणून कागद मिळाल्यावर विमानात बसवलंय असा माणूस. सीमेवर येऊन आत घ्या म्हणणारा तो असायलम मागणारा, आश्रय मागणारा म्हणू. गुपचूप आला तो तिसराच. टीव्हीवर या तिघांना एकच शब्द वापरतात आणि मग वाद घालणारे दोघंजण दोन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द लिहून ठेवा आणि ज्या प्रकरणात जो लागू तोच वापरा, कंटाळा आला तरी.

वहीबद्दल सांगते. दोनशे पानी लाँगबुक घ्यायची, स्टेशनजवळ स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती, आणि उघडल्यावर डावं पान करिअरचं, उजवं पान वादाचं. दोन्हीकडे कडेला तारखेचा कॉलम आखायचा आणि तारखा समोरासमोर येतील अशा लिहायच्या. एक्सेलमधे पण होईल पण मला हाताने लिहिल्याशिवाय आठवत नाही, आणि कट्ट्यावर लॅपटॉप उघडला की लोकांचं लक्ष वड्यांकडे जातं.

डाव्या पानावर जन्म, शाळा, बक्षिसं यात जागा घालवू नका. पेन्सचा जन्म १९५९, गाव कोलंबस, इंडियाना, बस एका ओळीत. खरं सुरू करायचं ते पराभवांपासून, कारण माणूस हरल्यावर काय शिकला ते पुढे सगळीकडे दिसतं. पेन्स १९८८ ला काँग्रेससाठी उभा राहिला, हरला. १९९० ला परत त्याच फिल शार्पसमोर उभा राहिला, परत हरला, आणि ती निवडणूक घाणेरडी झाली, शिवाय प्रचाराच्या देणग्यांतून घराचा हप्ता वगैरे खासगी खर्च केल्याचं बाहेर आलं, जे तेव्हा कायद्याने चालत होतं पण लोकांना पटलं नाही. १९९१ मधे त्याने लेख लिहून कबूल केलं की असा चिखलफेकीचा प्रचार चूक होता. मग रेडिओवर शो केला बरीच वर्षं, बोलायचा टोन शांत, सौम्य. २००० मधे निवडून आला, २००१ ते २०१३ बारा वर्षं प्रतिनिधीगृहात, पक्षातल्या वरच्या पदापर्यंत गेला. २०१२ ला गव्हर्नरची निवडणूक जिंकला पण पन्नास टक्क्यांच्या आतच राहिला, जानेवारी २०१३ ला शपथ.

आता इथे थांबा आणि वादाच्या अगदी आधीचं वर्ष मोठ्या अक्षरात लिहा. सगळ्यात जास्त माल तिथे असतो. २०१५ च्या सुरुवातीला पेन्सने ओबामाच्याच आरोग्य कायद्यातले पैसे घेऊन गरिबांचा विमा वाढवला, स्वतःच्या अटी घालून, म्हणजे तो केंद्राकडून काहीच घेत नव्हता असं नाही. मग २६ मार्च २०१५ ला धार्मिक स्वातंत्र्याच्या एका कायद्यावर सही केली. लोक म्हणाले यातून समलिंगी लोकांना दुकानदार सर्व्हिस नाकारू शकतील, मोठ्या कंपन्या, खेळांच्या संस्था सगळ्या उलटल्या, आणि २ एप्रिलला त्याला दुरुस्तीवर सही करावी लागली. आठवडाभरात! त्यामुळे एका बाजूचे लोक कायदा केला म्हणून चिडलेले आणि दुसऱ्या बाजूचे माघार घेतली म्हणून. २०१६ च्या नोव्हेंबरला परत निवडणूक, समोर २०१२ ला हरवलेला तोच जॉन ग्रेग. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर २०१५ चा पेन्स हा पुन्हा मऊ दिसायला घाबरणारा माणूस होता. हे माझं मत आहे म्हणून मी ते हिरव्या पेनाने लिहिलंय, निळ्याने फक्त घडलेलं. हा रंगांचा नियम पाळा, नाहीतर दोन महिन्यांनी वही उघडल्यावर स्वतःचंच मत फॅक्ट वाटायला लागतं.

उजवं पान. वादाचा पहिला आठवडा दिवसागणिक लिहायचा, नंतर महिन्याने लिहिलं तरी चालतं.

शुक्रवार १३ नोव्हेंबर २०१५, पॅरिसमधे हल्ले. स्टेडियमजवळच्या एका हल्लेखोराच्या प्रेताशेजारी सीरियन पासपोर्ट सापडला. सोमवार १६ नोव्हेंबर, पेन्सने इंडियानाच्या खात्यांना सांगितलं की सीरियन निर्वासितांचं पुनर्वसन थांबवा. त्या एकदोन दिवसांत तीसहून जास्त गव्हर्नरांनी नको किंवा थांबा असं म्हटलं, बहुतेक सगळे रिपब्लिकन, पण न्यू हॅम्पशायरची मॅगी हसन डेमोक्रॅट होती, म्हणून हे नुसतं एका पक्षाचं होतं असं लिहू नका. त्याच आठवड्यात एक सीरियन कुटुंब, नवरा बायको आणि एक लहान मुलगा, इंडियानापोलिसला उतरणार होतं. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. ऐनवेळी त्यांना कनेक्टिकटमधे न्यू हेवनला वळवलं, तिथला गव्हर्नर डॅनेल मलॉय स्वतः जाऊन त्यांना भेटला. पुढच्या वर्षी मलॉयला त्याबद्दल केनेडींच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आलं, विमानातून उतरू दिलं नाही असं झालं नाही, पण विमान दुसरीकडे गेलं. आणि ते कुणी पोलीस उभे केले म्हणून गेलं नाही, राज्याने इथे आणू नका असं कळवलं आणि निर्वासितांची सोय लावणाऱ्या संस्थेने धोका न पत्करता दुसरीकडे सोय केली.

म्हणून पुढची ट्रिक. बंदी हा शब्द खोडायचा आणि त्याजागी एक पूर्ण वाक्य लिहायचं, कुणी, कुणाला, काय करायला किंवा न करायला सांगितलं. पेन्सच्या बाबतीत वाक्य असं होतं: गव्हर्नरने स्वतःच्या राज्याच्या खात्यांना सांगितलं की सीरियन निर्वासितांसाठीचे पैसे संस्थांना देऊ नका. बघा किती आकसलं ते. हे वाक्य लिहायला मला दोन रविवार लागले, खोटं नाही.

आणि पैशाचं चित्र काढा. चित्र काढल्याशिवाय हा वाद समजणार नाही. मी दोन नळ काढले. एक नळ वॉशिंग्टनहून सरळ संस्थेकडे, निर्वासित उतरल्यावर पहिल्या काही आठवड्यांचं घरभाडं, गादी, भांडी, हिवाळी कोट यासाठी. या नळाला गव्हर्नरचा हात पोचत नाही. दुसरा नळ वॉशिंग्टनहून राज्याकडे आणि राज्याकडून संस्थेकडे, इंग्लिश शिकवणं, नोकरीसाठी ट्रेनिंग असल्या कामांसाठी. पैसे केंद्राचेच, राज्य फक्त मधला पोस्टमन. पेन्सने हात घातला तो या दुसऱ्या नळाच्या तोटीला. म्हणजे आतंकवादी येऊ नयेत म्हणून केलेल्या आदेशाने प्रत्यक्षात काय अडलं, तर आधीच तपासून आत आलेल्या माणसाचा इंग्लिशचा क्लास. हे चित्र दाखवलं तेव्हा कट्टा एकदम गप्प झाला होता, पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

पण मग लगेच समोरच्या बाजूचं म्हणणं लिहायचं, आणि लंगडं करून नाही, त्यांच्यातला हुशार माणूस जसं मांडेल तसं. पेन्सची बाजू अशी, की एफबीआयचा डायरेक्टर जेम्स कोमी यानेच ऑक्टोबर २०१५ मधे काँग्रेससमोर सांगितलं होतं की सीरियातल्या ज्या माणसाबद्दल आमच्याकडे काही नोंदच नाही त्याला आम्ही डेटाबेसमधे कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही. मग राज्याचा प्रमुख म्हणून लोकांच्या सुरक्षेची काळजी करणं हा काय गुन्हा? शिवाय पासपोर्ट सापडला होता हे खरंच. याच्या शेजारी दुसरी बाजू, की युरोपात लोक चालत, बोटीने आधी पोचले आणि तपासणी नंतर, अमेरिकेत तपासणी आधी आणि ती तेव्हा दीड ते दोन वर्षं चालायची, म्हणजे हल्ला करायला यायचंय त्याने हा सगळ्यात लांबचा रस्ता का पकडावा. दोन्ही लिहून झाल्यावर मी ते काकांना वाचायला दिलं आणि विचारलं मी कुठल्या बाजूची वाटते, ते म्हणाले पहिला पॅरा वाचून पेन्सची, दुसरा वाचून उलट. तेव्हा समजलं जमलं.

कोर्टाचं पान. २०१५ च्या नोव्हेंबरातच एक्सोडस रेफ्युजी इमिग्रेशन नावाच्या इंडियानापोलिसच्या संस्थेच्या वतीने एसीएलयूने, म्हणजे नागरी हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संघटनेने, केस टाकली. त्याच सुमारास केंद्राच्या निर्वासित कार्यालयानेही राज्यांना पत्र पाठवलं की राष्ट्रीयत्व बघून सेवा नाकारता येणार नाहीत. २९ फेब्रुवारी २०१६ ला जिल्हा न्यायाधीश तान्या वॉल्टन प्रॅट यांनी पेन्सच्या आदेशाला अंतरिम मनाई दिली. अंतरिम हा शब्द सोडू नका, आपल्याकडे स्टे मिळाला की लगेच फटाके वाजवतात, तसं करू नका, केसचा निकाल वेगळा आणि तोपर्यंत थांबा म्हणणं वेगळं. पेन्स अपिलात गेला. ३ ऑक्टोबर २०१६ ला सातव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्राच्या अपील कोर्टाच्या, तीन न्यायाधीशांनी एकमताने मनाई कायम ठेवली. निकाल रिचर्ड पोझ्नरने लिहिला, छोटाच आहे, आणि भाषा अशी की वाचताना मधेच हसू येतं. त्याने म्हटलं की राज्याकडे पुरावा शून्य आहे, नुसती भयस्वप्नातली अटकळ आहे. आणि गव्हर्नर म्हणतो मी सीरियन आहेत म्हणून भेदभाव करत नाही, मला त्यांची भीती वाटते म्हणून करतोय, तर हे म्हणजे काळ्या लोकांना इंडियानात राहायला मनाई करायची, ते काळे आहेत म्हणून नाही, मला त्यांची भीती वाटते म्हणून, असं म्हणण्यासारखं आहे.

कोर्टाचा निकाल लिहिताना एक काम नक्की करायचं, न्यायाधीशाला कुणी नेमलं ते बघायचं. कारण कुणीतरी उठून म्हणणारच की ओबामाने नेमलेली जज. प्रॅट यांना खरंच ओबामाने नेमलं होतं. पण वरचे तिघं, पोझ्नर आणि ईस्टरब्रुक रेगनने नेमलेले, साइक्स धाकट्या बुशने. तिघंही रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. ही एक ओळ तयार ठेवली की अर्धा तास वाचतो.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची डिबेट होती आणि पेन्स त्यात होता. डावं आणि उजवं पान समोरासमोर आखायचं म्हणते ते यासाठी.

मधे एक प्रसंग आहे तो मात्र बातम्यांत कोपऱ्यात असतो आणि मला तो सगळ्यात आवडतो. डिसेंबर २०१५ मधे इंडियानापोलिसचे कॅथलिक आर्चबिशप जोसेफ टोबिन पेन्सला भेटले. दुसरं एक सीरियन कुटुंब यायचं होतं, पेन्सने विनंती केली की ते आत्ता आणू नका. आर्चबिशपांनी ऐकून घेतलं, विचार केला, आणि त्यांच्या कॅथलिक चॅरिटीज संस्थेने काही दिवसांत ते कुटुंब आणलं. पेन्स लहानपणी कॅथलिकच, नंतर इव्हँजेलिकल झाला. वर्षभरात टोबिन कार्डिनल झाले आणि त्यांची बदली न्यूअर्कला झाली. यात आरडाओरड नाही, मोर्चा नाही, एक भेट, एक नाही, आणि एक कुटुंब येऊन राहिलं. असा एखादा प्रसंग प्रत्येक वादात असतो, तो शोधा, वीस मिनिटांतली तीन त्याला द्या.

मग परत डावं पान, वाद संपला असं वाटतं तिथून करिअर पुढे कुठे गेलं. १५ जुलै २०१६ ला ट्रम्पने पेन्सला उपाध्यक्षपदाचा उमेदवार केलं, आणि त्याच दिवशी दुपारी इंडियानातल्या गव्हर्नरच्या निवडणुकीतून नाव मागे घ्यायची मुदत संपत होती, म्हणजे शेवटच्या तासांत सगळं. त्याच्या जागी एरिक होलकॉम्ब उभा राहिला आणि जिंकला. आता दोन तारखा शेजारी ठेवते. ८ डिसेंबर २०१५, पेन्सने ट्वीट केलं की मुस्लिमांना अमेरिकेत येऊ देऊ नका ही मागणी अपमानकारक आणि घटनाबाह्य आहे, ही मागणी ट्रम्पने आदल्या दिवशी केली होती. २७ जानेवारी २०१७, पेंटागॉनमधे ट्रम्प एका आदेशावर सही करतोय, सात देशांच्या लोकांना ९० दिवस प्रवेश बंद, निर्वासितांचा कार्यक्रम १२० दिवस बंद, सीरियन निर्वासित बेमुदत बंद, आणि पेन्स तिथे हजर. याच्यावर मी काहीच बोलले नाही, दोन तारखा वाचल्या आणि पाणी प्यायले. तुम्हीही बोलू नका, लोक बोलतात.

पुढची शेपटी पटकन सांगते. सप्टेंबर २०१९ ला ट्रम्पने नवा आदेश काढला की राज्य आणि स्थानिक सरकार दोघांनी लेखी हो म्हटलं तरच तिथे निर्वासित पाठवायचे. म्हणजे जी पॉवर पेन्सकडे नव्हती ती आता केंद्रानेच गव्हर्नरांना देऊ केली. आणि मजा अशी की बहुतेक गव्हर्नरांनी, रिपब्लिकन धरून, हो म्हटलं. युटाच्या गॅरी हर्बर्टने तर आम्हाला अजून पाठवा असं पत्र लिहिलं. पेन्सच्या खुर्चीत बसलेल्या होलकॉम्बनेही हो म्हटलं. टेक्ससचा ग्रेग ॲबट १० जानेवारी २०२० ला नाही म्हणाला, आणि पाचच दिवसांनी मेरीलँडमधल्या फेडरल न्यायाधीशाने तो आदेशच थांबवला. पेन्सचं नंतरचं, ६ जानेवारी २०२१ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल उलटवायला नकार, २०२३ ला स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहणं आणि ऑक्टोबरातच माघार, हे सगळ्यांना माहीत असतं, दोन ओळींत उरका.

आता तुलना. एकच नेता सांगितला की तो एकतर व्हिलन होतो नाहीतर बिचारा. म्हणून उलट्या टोकाचा एक घ्या, पण खुर्ची तीच हवी. मी आयोवाचा रॉबर्ट रे घेतला, तोही रिपब्लिकन, १९६९ ते १९८३ गव्हर्नर. १९७५ मधे व्हिएतनाम युद्ध संपल्यावर ताई दाम नावाच्या समाजाचे लोक देश सोडून आले होते, त्यांना एकत्र राहायचं होतं, रेने हजाराच्या वर लोक आयोवात घेतले, आणि १९७९ ला समुद्रातून बोटीने पळणाऱ्यांपैकी अजून १५०० घेऊ म्हणाला. राज्यातल्या बऱ्याच लोकांना आवडलं नव्हतं. पण त्यामुळे तो पडला असंही नाही, निवडणुका जिंकत राहिला आणि स्वतःहून थांबला. कायदा म्हणाल तर रेलाही लोकांना देशात आणायची पॉवर नव्हती, पेन्सला थांबवायची नव्हती तशीच. दोघांच्या हातात फक्त आपल्या राज्याची खाती. एकाने त्या खात्यांना घरं शोधायला लावलं, एकाने बिलं अडवायला.

आणि आपल्याकडचा एक घ्याच. मार्च २०२१, म्यानमारमधे लष्कराने सत्ता घेतल्यावर लोक मिझोराममधे यायला लागले. केंद्रीय गृह मंत्रालयाने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं की कुणाला निर्वासित ठरवायचा अधिकार राज्यांना नाही आणि भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की हे आमचेच रक्ताचे लोक आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. इथे केंद्र नको म्हणतंय आणि राज्य घेतंय, इंडियानाच्या बरोबर उलट, पण भांडण तेच, दार कुणाचं आणि घर कुणाचं. काका इथे खुर्चीवर पुढे सरकून बसले.

शेवटी जवळचं. ठाण्यात राहून निर्वासितांवर बोलायचं आणि उल्हासनगर काढायचं नाही असं कसं चालेल. कल्याणजवळचा दुसऱ्या महायुद्धातला मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प, फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळपास लाखभर लोक त्या बॅरकींमधे ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. बघा, परत एक गव्हर्नर, आणि हा तिसऱ्याच प्रकारचा. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असंच म्हणतात आणि रिक्षावाल्याला बरोबर कळतं.

या भागासाठी पुस्तकं नंतर, आधी माणसाकडे जा. आणि जाऊन मोठे प्रश्न विचारू नका, तुम्हाला कसं वाटलं वगैरे, त्याची ठरलेली उत्तरं येतात. छोटे विचारा. बॅरकीत दोन कुटुंबांच्या मधे काय होतं? पाणी किती वाजता यायचं? मी आजींना पहिला प्रश्न विचारला तर म्हणाल्या, गोणपाट. गोणपाटाचा पडदा, पलीकडच्या घरात फोडणी पडली की आपल्याकडे ठसका. मग आपोआप पुढचं आलं, आईने पापड लाटायला घेतले, मोठा भाऊ लोकलमधे गोळ्या विकायचा. मी मधे निर्वासित म्हणाले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "आमचे वडील म्हणायचे शरणार्थी नाही, पुरुषार्थी म्हणा." आता हा शब्द मी पहिल्या पानावरच्या तीन शब्दांखाली चौथा लिहिलाय, लाल पेनाने.

बोलताना वेळ कसा वाटायचा ते पण सांगते भाच्यासाठी. खुर्ची आणि अधिकार पाच मिनिटं, करिअर चार, तो आठवडा आणि नळाचं चित्र पाच, कोर्ट तीन, आणि उरलेली तीन आर्चबिशपांचा प्रसंग. तुलना आणि उल्हासनगर प्रश्नोत्तरांत येऊ द्यायचं, ते येतंच. कुणी मधेच आपल्याकडच्या आजच्या राजकारणावर गाडी नेली तर अडवू नका, फक्त विचारा की ते वाक्य कुणी, कुणाला, काय सांगितलं या साच्यात बसवून दाखव. नव्वद टक्के वेळा माणूस वडा उचलतो.

दुसऱ्यांदा माझं वीसचं सव्वीस मिनिटं झालं. संपल्यावर आजी वहीतलं नळांचं चित्र बराच वेळ बघत होत्या, मग विचारलं, "ते न्यू हेवनला गेलेलं पोरगं आता केवढं असेल?" तेव्हा पाच वर्षांचं होतं म्हणाले, तर त्यांनी बोटांवर मोजलं. काकांनी पुढच्या महिन्यासाठी मिझोराम घेतलंय आणि वही घेऊन गेलेत, मी सांगितलंय हिरवं पेन माझंच आहे, परत आणा.